शिडीवरून पडणे : दुखापत आणि प्रतिबंध

निडी परिसरातील घरबांधणी असो वा रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतील कारखाना, शिडी लागतेच. तिची देखभाल नसेल तर अपघात घडतो.

दुखापती : मनगट, टाच किंवा मणका मोडतो, डोक्याचा मार जिवावर बेततो. उंचावरून पायांवर पडून टाच मोडल्यास मणक्याचीही तपासणी करावी.

प्रतिबंध : चढण्यापूर्वी सैल पायऱ्या, बांबूच्या चिरा, झिजलेले रबरी बूट तपासा. सदोष शिडी तारेने बांधून वापरू नका, बाजूला काढा. टेकवलेल्या शिडीचा पाया दर 4 फूट उंचीमागे भिंतीपासून 1 फूट दूर ठेवा.

प्रथमोपचार : पडलेल्याला उठवून बसवू नका. मान-पाठ स्थिर ठेवून 108 वर फोन करा. उलट्या, गुंगी किंवा पाय बधिर होणे ही धोक्याची लक्षणे आहेत.