कात्रीने वाचलेल्या प्रेमकथा

१९७५ साली कँडी फाँग या अमेरिकी तरुणीने ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांपुढे एक छोटासा खेळ सादर केला. मालिका १९६९ मध्येच बंद पडली होती आणि घरोघरी व्हीसीआर यायला अजून अवकाश होता. तिच्याजवळ होत्या संकलनात कापून टाकलेल्या फिल्मच्या तुकड्यांपासून केलेल्या स्लाइड्स आणि कॅसेटवरचं एक गाणं. गाण्याच्या ओळीबरहुकूम ती स्लाइड बदलत गेली आणि भावना दडपून वावरणाऱ्या स्पॉकच्या चेहऱ्याला मालिकेने न दिलेले अर्थ मिळत गेले. आज यूट्यूबवर डार्सी, थॉर्नटन, रॉचेस्टर या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या नायकांच्या दृश्यांना गाण्यावर बसवलेल्या ज्या चित्रफिती दिसतात, त्यांची वंशावळ इथून सुरू होते. रिकामटेकड्या चाहत्यांचा उद्योग म्हणून त्यांची बोळवण केली जाते. मला ती समीक्षा वाटते. कोणतं दृश्य ठेवायचं, कोणतं गाळायचं आणि कशाच्या पाठोपाठ काय आणायचं, एवढ्याच साधनांनी ती बोलते. पण बोलते ते मूळ कलाकृतीबद्दलच.

ही निवड किती विचाराने होत असे, ते व्हीसीआरच्या काळातलं काम पाहिलं की कळतं. दोन यंत्रं केबलने जोडायची, एकात मूळ टेप, दुसऱ्यात कोरी. हवा तो तुकडा शोधायचा, स्टॉपवॉच लावून गाण्याच्या ओळीइतका मोजायचा आणि उतरवून घ्यायचा. पॉज सोडून रेकॉर्डिंग सुरू केलं की टेप किंचित मागे सरकायची आणि आधीच्या तुकड्याचं शेपूट पुसलं जायचं. हे सरकणं यंत्रागणिक वेगळं, त्यामुळे आपल्या यंत्राची खोड पाठ असावी लागे. पॉज फार वेळ धरला तर यंत्र तो आपणहून सोडून देई. सगळे तुकडे ओळीने बसल्यावर अगदी शेवटी गाणं चढवायचं, म्हणजे चित्र आणि सूर जुळले की नाही, ते काम संपेपर्यंत समजायचं नाही. हे करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. संमेलनांत त्या एकमेकींना हे काम दाखवत, शिकवत, त्यावर चर्चा करत. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ च्या ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या पुस्तकात आणि पुढे फ्रान्सिस्का कोपा यांनी २००८ मध्ये या परंपरेची गंभीरपणे नोंद घेतली नसती, तर हा इतिहास टेपांबरोबरच झिजून गेला असता.

अभिजात प्रेमकथांच्या बाबतीत १९९५ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी बीबीसीने ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ सहा भागांत दाखवली. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीत आपण जवळजवळ सगळं एलिझाबेथच्या मनातून पाहतो. डार्सीच्या मनात फार थोड्या ठिकाणी डोकावायला मिळतं. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी डार्सीचे एकट्याचे प्रसंग रचले: तलवारबाजीचा सराव, आंघोळ, पेम्बर्लीच्या तळ्यातली उडी. कादंबरीत यातलं काहीही नाही. मालिकेच्या व्हीएचएस टेपा बाजारात आल्या तेव्हा १२,००० प्रतींची पहिली खेप दोन तासांत संपली, आणि एकेक नजर थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहण्याची सोय घरात आली. पेम्बर्लीत जॉर्जियाना पियानोवर बसली आहे आणि खोलीच्या दोन टोकांवरून एलिझाबेथ आणि डार्सी एकमेकांकडे पाहतात. मालिकेत हा क्षण कथेच्या उत्तरार्धात येतो. तोच फितीच्या सुरुवातीला ठेवला आणि त्यानंतर डार्सीची ती पहिली, अपमानकारक लग्नाची मागणी आणली, की तिच्यात उद्धटपणाइतकाच गोंधळही दिसू लागतो. कादंबरी पडद्यावर आली की निवेदिकेचा आवाज हरवतो. ती रिकामी जागा चाहतीने निवडलेलं गाणं घेतं. गाणं पुरुषाच्या आवाजातलं असेल, तर ऑस्टिनने मुद्दाम बंद ठेवलेलं दार किलकिलं होतं. ते उघडावं की नाही, यावर मतभेद जरूर असावेत, पण हा मतभेद वाचनातलाच आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ही मंडळी कादंबरी वाचतच नाहीत, मालिका वाचतात. तो बराचसा खरा आहे. पण एका कादंबरीची अनेक रूपांतरं शेजारी शेजारी ठेवणं हे पाठभेद लावण्यासारखंच काम आहे. जो राइट यांच्या २००५ च्या चित्रपटात एलिझाबेथला घोडागाडीत चढवल्यावर डार्सीची बोटं ताणली जातात. तो हात आणि १९९५ चं तळं एका फितीत आलं, की दोन रूपांतरांनी एकाच संकोचाला दिलेली दोन उत्तरं समोर येतात. ‘जेन एअर’ची गोष्ट तर याहून बोलकी. २००६ च्या शरदात बीबीसीने ‘जेन एअर’ दाखवली आणि त्याच सुमारास ‘वाइड सार्गासो सी’सुद्धा. जीन ऱ्हिस यांची ही १९६६ ची कादंबरी रॉचेस्टरच्या माळ्यावर कोंडलेल्या पहिल्या पत्नीची बाजू सांगते. ही दोन्ही रूपांतरं हाती असलेल्या चाहतीला रॉचेस्टरच्या लग्नाच्या मागणीला लागूनच त्या पत्नीचं गाव, तिचं तारुण्य दाखवता येतं. जो मुद्दा मांडायला ऱ्हिस यांना कादंबरी लिहावी लागली, तो इथे एका जोडावर उभा राहतो.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. प्रेमाच्या फितीत बाकीचं जग गळून पडतं. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘नॉर्थ अँड साउथ’मध्ये संप आहे, बाउचर या कामगाराची आत्महत्या आहे, कापसाच्या तुसाने फुप्फुसं भरून मरणारी बेसी आहे. २००४ च्या मालिकेतून गिरणीमालक थॉर्नटन आणि नायिका मार्गारेटच्या नजरा आणि रेल्वे स्टेशनवरचं चुंबन एवढंच उचललं, तर गॅस्केल यांच्यावर अन्यायच होतो. (ते स्टेशनही कादंबरीत नाही, तिथे शेवट लंडनमधल्या घरात होतो.) तरीही त्याच मालिकेत मार्गारेट पहिल्यांदा गिरणीत शिरते तेव्हा हवेत कापूस बर्फासारखा तरंगत असतो. हे फार देखणं दृश्य आहे, आणि बेसीचा जीव घेणारा कापूस तोच. ज्या फितीत हे दृश्य बेसीच्या खोकल्याशेजारी येतं, तिथे प्रेम आणि गिरणी वेगळी काढता येत नाहीत. कात्री आंधळी असू शकते, पण तो दोष वापरणाऱ्या हाताचा. डोळस हाताचं उदाहरणही आहे: २००९ मध्ये जोनाथन मॅकिन्टॉश यांनी ‘ट्वायलाइट’मधला एडवर्ड ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’च्या नायिकेसमोर उभा केला. झोपलेल्या मुलीच्या खोलीत न विचारता शिरणारा, हीथक्लिफ आणि रॉचेस्टर या जुन्या नायकांच्या कुळातला हा प्रियकर बफीच्या तिखट उत्तरांपुढे छळवादी दिसू लागतो.

राहिला मालकीचा प्रश्न. दुसऱ्याची पात्रं, दुसऱ्याचं चित्र, दुसऱ्याचं गाणं; मग यात स्वतःचं काय? रॉचेस्टर जन्मला कसा, ते इथे आठवावं. १८२६ मध्ये ब्रान्वेल ब्राँटेला लाकडी शिपायांचा संच मिळाला. त्याची बहीण, ‘जेन एअर’ची लेखिका शार्लट, हिने आपल्या शिपायाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाव दिलं. पुढे वेलिंग्टनच्या मुलाला झामोर्ना या नावाचा नायक करून, त्याच्यावर बायरनची छाया पाडून तिने अँग्रिया या काल्पनिक राज्याच्या कथा वर्षानुवर्षं लिहिल्या. त्या झामोर्नाच्या घडणीतूनच १८४७ चा रॉचेस्टर आला. हयात सेनापती आणि गाजलेला कवी उचलून शार्लटने जे केलं, तेच आज तिच्या नायकाचं होत आहे. अमेरिकेत २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने अशा बिगरव्यापारी कामासाठी डीव्हीडीचं कुलूप उघडून छोटे तुकडे घ्यायला सूट दिली. तरी मॅकिन्टॉश यांची फीत ‘ट्वायलाइट’च्या हक्कधारक कंपनीच्या तक्रारीवरून यूट्यूबवरून उतरली आणि बऱ्याच झगड्यानंतर २०१३ च्या जानेवारीत परत आली. तिचा बचाव करताना मुख्य मुद्दा हाच होता की ही फीत मूळ चित्रपटावर टीका करते.