काहीच न घडल्याचा इतिहास

इतिहास म्हणजे काय काय घडलं त्याची हकिगत, असं आम्हाला शाळेत शिकवलं. त्यामुळे ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवसाला इतिहासात जागा नाही. लढाई झाली की इतिहास, तह झाला की इतिहास. लढाई आणि तह यांच्या मधल्या काळात माणसं जेवत होती, झोपत होती, एकमेकांच्या ओट्यावर बसून गप्पा हाणत होती. पण त्याबद्दल दोन मार्कांचाही प्रश्न कधी आला नाही.

आमच्या खानदेशात टंचाई आहे ती पाण्याची, इतिहासाची नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत उभा महाराष्ट्र हिंडले आणि १९२६ साली त्यांनी देह ठेवला तो धुळ्यात. त्यांचे कागदपत्र सांभाळायला राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं तेही धुळ्यातच. ह्या थोर माणसानं ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहिला, आणि त्यावरून केवढं तरी वादळ उठलं. विवाहसंस्थेचा इतिहास झाला हे ठीकच झालं. पण विवाह होण्याआधी मुली काय करत होत्या, कुणाबरोबर हसत होत्या आणि कशाला हसत होत्या, त्या मैत्रीणसंस्थेचा इतिहास मात्र राहूनच गेला. दप्तर नाही, बखर नाही, मोडी लिपीतला एक चिटोरासुद्धा नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो जपानमार्गे. जळगावची माझी भाची हल्ली जपानी चित्रमालिका बघते. त्यांना ‘ॲनिमे’ म्हणायचं, ‘कार्टून’ म्हटलं की ती रागावते. जपानी म्हटल्यावर मला वाटलं, तलवारी असतील, राक्षस असतील, निदान एखादा भूकंप तरी असेल. बघतो तो पडद्यावर शाळेच्या गणवेशातल्या चार-पाच पोरी एका खोलीत बसून चहा पिताहेत. पाच मिनिटांनी पाहिलं, तरी चहाच चालला होता. शेजारी धुळ्याहून आलेली माझी आत्या बसली होती. तिनं चष्मा वर-खाली करून विचारलं,

“ह्या पोरी काय करी ऱ्हायन्यात?”

“चहा पिताहेत, आजी.”

“मंग आते काय व्हई?”

“काही नाही. आता केक खातील.”

आत्यानं क्षणभर विचार केला आणि पाय पसरले. “मंग बरं शे,” ती म्हणाली.

तिच्या समाधानाचं कारण उघड होतं. आपल्या मालिकांत चहाचा कप आला की त्यात कुणीतरी काहीतरी कालवलेलंच असतं. इथे चहात फक्त साखर होती. पुढे त्या पोरींनी खाऊची पेटी उघडली, कुणाला कुठला तुकडा यावरून भांडण झालं, मिटलं, आणि सगळ्या खिदळल्या. तेव्हा आत्या एकदम म्हणाली, “हाई ते भुलाबाईच शे!”

आत्यानं मॅट्रिकचं तोंड पाहिलेलं नाही, पण ह्या एका वाक्यात तिनं जे सांगितलं त्यावर एखाद्यानं सहज डॉक्टरेट मिळवली असती. मी आपला एक लेख पदरात पाडून घेतो आहे.

जपानात ह्या प्रकाराला ‘निचिजो’ म्हणजे ‘रोजचं जगणं’ असं नाव आहे. कियोहिको अझुमा यांची ‘अझुमांगा दाइओ’ ही चित्रकथा १९९९ साली मासिकातून सुरू झाली आणि २००२ साली तिची मालिका झाली. शाळेतल्या काही मैत्रिणी, त्यांची तीन वर्षं, परीक्षा, सहली आणि वर्गात लागणाऱ्या डुलक्या. भाची पाहत होती ती ‘के-ऑन!’, २००९ सालची. तिच्यात एका मुलींच्या शाळेतलं संगीत मंडळ सभासद नाहीत म्हणून बंद पडायला आलेलं असतं. चार जणी मिळून ते वाचवतात आणि मग वाजवायचं सोडून चहा पीत बसतात. (आपल्याकडची कित्येक मंडळं ह्याच धर्तीवर चालतात, पण त्यांवर अजून कुणी मालिका काढलेली नाही.) ‘नॉन नॉन बियोरी’ नावाची २०१३ सालची आणखी एक आहे. तिच्यात खेड्यातली शाळा आहे आणि सगळ्या शाळेत मिळून पाच पोरं. चार मुली आणि एक मुलगा. तो मुलगा अख्ख्या मालिकेत तोंड उघडत नाही. चार मुलींमध्ये एकटा सापडलेल्या मुलाचं इतकं वास्तववादी चित्रण मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता आत्याच्या भुलाबाईकडे वळू. पुण्या-मुंबईच्या वाचकांना भोंडला ठाऊक असतो. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर. भुलाबाई ही त्याची खानदेश-वऱ्हाडातली बहीण. कुठे तिला गुलाबाई म्हणतात. भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई घरात बसते, शेजारी भुलोजी. म्हणजे साक्षात पार्वती आणि शंकर. पण कैलासावरचा सगळा थाट उतरवून आळीतल्या जोडप्यासारखे आलेले. तिथपासून कोजागिरीपर्यंत तब्बल एक महिना रोज संध्याकाळी आळीतल्या मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जाणार, गाणी म्हणणार आणि शेवटी खाऊ ओळखणार.

हा खाऊ ओळखणं म्हणजे ह्या मालिकेतलं एकमेव रहस्य. घरातली मुलगी बंद डबा आणते आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते सांगायचं. डबा कानाशी धरून हलवायचा. खडखड वाजलं तर फुटाणे नाहीतर दाणे. धप्पधप्प झालं तर लाडू. सळसळ झाली तर चिवडा. शेव आवाजानं नाही पण वासानं पकडली जाते, आणि खानदेशात शेव नसलेलं घर शोधावं लागेल. केळ्याची गोष्ट निराळी. ज्या जळगावची केळी देशभर जातात तिथल्या मुलीनं केळ्याला फसावं, ही नामुष्कीच. पण केळं डब्यात निपचित पडून राहतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. खाऊ ओळखला गेला तर घरच्या मुलीचा पराभव, नाही ओळखला तर दुसऱ्या दिवशी शाळेत तिची मान ताठ. ह्या सगळ्यात धाकट्या भावांना फेरात प्रवेश नसे; पण स्वयंपाकघरात असे. त्यामुळे दोन पेपरमिटांच्या मोबदल्यात डब्यातलं रहस्य फोडणारं एक हेरखातं आमच्या आळीत चांगलं भरभराटीला आलं होतं. त्याचा कारभार कुणाकडे होता हे सांगणं राजनीतीला धरून होणार नाही.

इथवर जपान आणि जळगाव यांत अंतर नाही. पोरी जमतात, खातात, हसतात, घरी जातात. फरक पडतो तो गाण्यांत. भुलाबाईची गाणी कान देऊन ऐकलीत तर ध्यानात येईल, की आठ-दहा वर्षांच्या पोरी गातात ते सगळं सासरचं. सासू, सासरा, दीर, नणंद, आणि त्यांच्या तोंडून एका साध्या गोष्टीसाठी हलणारी फाइल. एका प्रसिद्ध गाण्यात सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं, आता उगवू दे. उगवलं, आता वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे. एका रजेच्या अर्जाला इतके शेरे मारणारं सरकारी खातं मी पाहिलेलं नाही. आणि हे गाणं म्हणत टिपऱ्या वाजवणारी मुलगी तिसरीत.

लहानपणी मला ह्याचं नवल वाटायचं. ह्यांना सासूशी काय करायचं आहे? चिमणी-कावळ्याची गाणी काय वाईट? पण कायद्याच्या पुस्तकातले चार आकडे शेजारी शेजारी ठेवले की नवल संपतं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्यानं लग्नाला हातच लावला नव्हता. नवरा-बायकोच्या संबंधासाठी बायकोचं किमान वय तेवढं दहावरून बारावर नेलं होतं. त्यावरूनही धर्म बुडाल्याची केवढी ओरड झाली. मग १९२९ साली सारडा कायदा आला आणि मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं. १९४९ साली ते पंधरा झालं. १९७८ साली अठरा.

म्हणजे ज्या काळात ही गाणी रचली गेली, त्या काळातल्या तिसरीच्या वयाच्या मुलीला सासू हा कल्पनाविलास नव्हता. ती पुढच्या लग्नसराईत भेटायची होती. भुलाबाईचा महिना ही तिच्यासाठी रंगीत तालीम होती. उद्या जे एकटीनं सोसायचं ते आज दहाजणींनी मिळून, टिपऱ्यांच्या ठेक्यावर, खाऊच्या आशेवर म्हणून घ्यायचं.

आमच्या बहिणाबाई चौधरी यांचंच पाहा. जन्म १८८०, जळगावजवळच्या असोद्याचा. लग्न तेराव्या वर्षी, जळगावात. असोदा ते जळगाव हे अंतर आज रिक्षानं उरकतं, पण माहेर ते सासर हे अंतर मैलांत मोजत नसत. ते मोजायला खानदेशात आखाजी होती. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. सासुरवाशिणी माहेरी यायच्या, झाडांना झोके बांधायच्या आणि मैत्रिणी-मैत्रिणी गाणी म्हणत उंच जायच्या. पुरुष मंडळी त्या वेळी पत्ते कुटत बसलेली असत, तेव्हा देखरेखही बेताचीच. वर्षातले हे चार दिवस मैत्रिणींचे. बाकीचे शेताचे, जात्याचे आणि चुलीचे. बहिणाबाईंनी ह्या आखाजीवर गाणं केलं आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईचं नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे, आणि आज तिथे मुली पारावर बसून तासन्‌तास काहीही न घडवता गप्पा मारतात. बहिणाबाईंचं याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

आता पुन्हा जपान. त्या चहावाल्या पोरी काही आकाशातून पडल्या नाहीत. १८९९ साली जपान सरकारनं हुकूम काढला, की प्रत्येक प्रांतात मुलींसाठी निदान एक माध्यमिक शाळा हवीच. हेतू काय? तर सुगृहिणी आणि सुजाण माता तयार कराव्यात. हेतू ओळखीचा वाटत असेल तर तो योगायोग नव्हे. सगळीकडच्या सरकारांना मुलींच्या शिक्षणातून आधी पोळीच दिसते. पण एकदा शाळा उघडली की घंटा सरकारची असली तरी मधली सुट्टी मुलींची असते. बालपण संपलंय आणि लग्न अजून झालेलं नाही, अशी काही वर्षं पहिल्यांदाच त्यांच्या हाती आली. त्यात मैत्रिणी आल्या, चिठ्ठ्या आल्या, रुसवे आले. १९१६ पासून योशिया नोबुको नावाच्या लेखिकेनं शाळकरी मैत्रिणींच्या गोष्टी मासिकातून लिहायला घेतल्या, त्यांना ‘फुलांच्या गोष्टी’ असं नाव दिलं, आणि मुलींनी त्या डोक्यावर घेतल्या. भाचीच्या मालिकेची पणजी शोधायची तर ती इथे सापडते.

तेव्हा ‘ह्या मालिकेत काहीच घडत नाही’ ही तक्रार करणाऱ्यांना (त्यात बहुधा घरातले काकाच असतात) माझं नम्र सांगणं आहे, की काही न घडणं ही फुकटात मिळालेली वस्तू नाही. आपल्या पणज्यांच्या आयुष्यात दहाव्या-बाराव्या वर्षी भरपूर घडत होतं. मांडव पडत होता, वरात निघत होती, मूल होत होतं, काहींचं कुंकूसुद्धा पुसलं जात होतं. कथानक कसं खच्चून भरलेलं! बारा, चौदा, पंधरा, अठरा असे ते आकडे एकेक पायरी चढत गेले, तसतशी त्या कथानकाला थोडी थोडी ओहोटी लागली, आणि त्या रिकाम्या झालेल्या वाळूवर मुली डबा हलवत बसल्या.

आणि हा इतिहास पुरा झालेला नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या, म्हणजे वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांना विचारलं, तेव्हा महाराष्ट्रात शंभरातल्या सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्या धुळे जिल्ह्यात हाच आकडा सुमारे चाळीस. म्हणजे फेरात दहा मुली असतील, तर चार जणींची जागा वेळेआधीच रिकामी. कायद्याच्या पुस्तकात अठरा लिहून चाळीस वर्षं उलटून गेल्यावरची ही गोष्ट.

उरलेल्या सहा जणींना क्लास लागलेले असतात. भुलाबाईची संध्याकाळची वेळ आणि गणिताच्या क्लासची वेळ एकच. जळगावात भुलाबाई महोत्सव भरत आला आहे. शाळाशाळांतले संघ येतात, एकसारख्या साड्या, तालात टिपऱ्या, परीक्षक, ढाल. छानच असतं ते. पण तिथे नंबर येतो, आणि नंबर आला म्हणजे काहीतरी घडलंच की. खरी भुलाबाई मला दोन क्लासांच्या मधल्या वीस मिनिटांत दिसते. चार सायकली पाणीपुरीच्या गाडीला टेकवलेल्या, कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळ्या फिस्सकन हसतात. काय बोललं ते विचारलंत तर “काही नाही” हे उत्तर मिळेल, आणि ते शंभर टक्के खरं असेल.

‘के-ऑन!’ची शेवटची घटना एवढीच आहे, की थोरल्या चौघी शाळा सोडतात आणि धाकटी मागे राहते. भाची त्या भागाला रडली. आत्याही डोळ्याला पदर लावून बसली; तिनं तर कोजागिरीला भुलाबाई बोळवतानाच हे रडणं कित्येकदा रडून घेतलेलं. मैत्रिणींच्या गोष्टीत खलनायक नसतो. कॅलेंडर असतं, तेवढंच पुरतं.

म्हणून म्हणतो, उद्या कुणी मैत्रीणसंस्थेचा इतिहास लिहायला घेतलाच, तर त्यात निदान एक नोंद अशी असावी: अमुक साली, आश्विन महिन्यात, जळगावच्या एका आळीत काही मुली दिवेलागणीला जमल्या. डबा हलवला. काय आहे ते ओळखता येईना. निघाली केळी. सगळ्या हसल्या आणि आपापल्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जमल्या.

अशा नोंदींचे बावीस खंड निघाले, तर मी ते रांगेत उभा राहून विकत घेईन.