कानो नात्सुओ

(१८२८–१८९८). जपानी धातुकारागीर. धातूवरील कोरीवकाम आणि जडावकाम (झोगान) यांत एकोणिसाव्या शतकातले अग्रगण्य नाव. जन्म क्योतो येथे. तलवारींचा व्यापार करणाऱ्या कानो घराण्याने त्यांना लहानपणी दत्तक घेतले. घरातच नामांकित कारागिरांचा माल पाहायला मिळाल्याने कोरणीची गोडी लागली. पुढे ओत्सुकी परंपरेतील इकेदा ताकातोशी यांच्याकडे त्यांनी धातुकाम शिकून घेतले. मारुयामा शैलीचे चित्रकार नाकाजिमा राइशो यांच्याकडची चित्रकलेची तालीमही तितकीच मोलाची ठरली, कारण निसर्ग समोर ठेवून रेखाटण्याची सवय त्यांच्या छिन्नीत अखेरपर्यंत टिकली. १८५४ मध्ये ते एदोला (आजचे टोकियो) गेले.

तलवारीची मूठ व पाते यांच्यामधली चकती (त्सुबा) आणि मुठीवरचे छोटे अलंकार हे त्यांचे मुख्य क्षेत्र. चपट्या जडावात आधी पत्र्यावर आकार कोरून खाच करतात आणि तिच्या कडा आतून किंचित रुंद ठेवतात. त्यात दुसरा धातू ठोकून बसवला की तो पसरून पक्का अडकतो. डाक लावावा लागत नाही. आपल्याकडच्या बिदरी कामाचा हा लांबचा भाऊबंद म्हणता येईल. पण बिदरीत काळ्या पृष्ठावर मुख्यतः चांदी चमकते, तर जपानी कारागीर धातूंचेच अनेक रंग वापरतो. तांब्यात थोडे सोने मिसळलेला शाकुदो निळसर काळा होतो, तांबे व चांदी यांचा शिबुइची करडा. हे रंग उमटतात ते अगदी शेवटी. तोवर दोन्ही मिश्रधातू तांबूस, जवळपास सारखेच दिसतात. काम पूर्ण झाल्यावर वस्तूला किसलेल्या मुळ्याचा रस चोळून ती ताम्रक्षारांच्या द्रावणात उकळतात, तेव्हा प्रत्येक धातू आपला रंग धरतो. म्हणजे सगळे चित्र कारागिराला आधी मनात पाहावे लागते. छिन्नी तिरकी धरून रेषेची एक कड खोल व दुसरी उथळ ठेवण्याची काताकिरी पद्धत कुंचल्याच्या फटकाऱ्याचा भास देते. तीवर नात्सुओंचे असामान्य प्रभुत्व होते. पत्र्याचा मोठा भाग ते मोकळा सोडत. त्यांचे खरे मोठेपण, प्रस्तुत लेखकाच्या मते, या संयमात आहे.

नव्या मेजी सरकारने १८६९ मध्ये नाण्यांचे नमुने त्यांच्याकडे सोपवले. ठसे ब्रिटनमध्ये कोरून घेण्याचा मूळ बेत होता. पण नमुन्यांतली सफाई पाहून तो सोडून देण्यात आला, असे सांगतात. ड्रॅगनचे चित्र असलेला चांदीचा येन त्यांच्याच आराखड्यातला. खवल्यांच्या रांगा आणि शरीराचे वळसे जेमतेम चार सेंटिमीटर व्यासात बसवले आहेत. चकत्यांवर घडलेल्या हातालाच ते साधावे. शोसोइन भांडारातील एका प्राचीन सरळ पात्याला मेजी सम्राटांनी नवा साज करवला, तोही नात्सुओंनी घडवला. ‘सुइर्यूकेन’ नावाची ही तलवार टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

१८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि असंख्य कारागिरांचा चरितार्थ एका फटक्यात गेला. अनेकजण परदेशी बाजारासाठी भरगच्च सजावटीच्या वस्तू करू लागले. नात्सुओही फुलदाण्या व इतर पात्रांकडे वळले. मात्र मोकळी जागा भरून टाकण्याच्या मोहात ते पडले नाहीत. १८९० मध्ये राजदरबारी कलावंतांच्या पहिल्या तुकडीत त्यांची नेमणूक झाली. टोकियो ललितकला विद्यालयात ते धातुकोरणी शिकवत. तेथे त्यांच्या हाताखाली काम केलेले उन्नो शोमिन पुढे स्वतः राजदरबारी कलावंत झाले.