पाणचक्की आणि दळणावळ

पॅरिसजवळच्या शारांतों इथली पाणचक्की फ्रांस्वा बुशेने अनेकदा रंगवली. १७५८ सालचं त्यातलं एक चित्र अमेरिकेत टोलीडोच्या संग्रहालयात आहे. जुनाट लाकूडकाम, निळसर हिरवी झाडं, संथ पाणी. बुशे पॅरिसच्या ऑपेरासाठी पडदे-देखावे करायचा. तीच नजर त्याच्या खेड्यांतही उतरली. त्याच्या नदीकाठी बायका धुणं धुतात, पण कुणाची कंबर अवघडलेली दिसत नाही.

फ्रान्सच्या शेतकऱ्याला पाणचक्की वेगळ्याच कारणाने ठाऊक होती. अनेक गावांत सरंजामदाराच्याच चक्कीवर दळण न्यायची सक्ती होती. या हक्काला ‘बानालिते’ म्हणत. दळणावळ म्हणून धान्याचा वाटा तिथेच काढून घेतला जाई. शिवाय १७३८ पासून राजरस्त्यांच्या कामावर बिनमजुरीची वेठ देशभर पद्धतशीर लागू झाली. चित्रातल्या गावात हा हिशेब कुठेच येत नाही.

दरबाराला खेडं आवडत नव्हतं असं मात्र नाही. ‘शेतवाडी’ हे झाँ-बातिस्त उद्रीचं १७५० सालचं चित्र युवराजाने सांगून काढून घेतलं होतं. गुरं, मेंढ्या आणि कामात गुंतलेली माणसं त्यात आहेत. १७५३ मध्ये त्याची नक्कल खुद्द राणी मारी लेश्चिन्स्काने केली.

बुशेला आश्रय देणाऱ्या मादाम द पोंपादूरचा वैद्य होता फ्रांस्वा केने. शारांतोंचं ते चित्र रंगलं त्याच १७५८ साली केनेने व्हर्सायमध्ये आपला प्रसिद्ध आर्थिक तक्ता मांडला. राष्ट्राची संपत्ती जमिनीतून निघते, असं त्याचं म्हणणं. एकाच बाईच्या आश्रयाखाली एक जण शेतकऱ्याचं रूप रंगवत होता, दुसरा त्याच्या कष्टाचं मोल मांडत होता.

दरबारात टिकलं ते रूप. १७८३ मध्ये मारी आंत्वानेतसाठी व्हर्सायच्या आवारात नवं खेडंच उभारायला सुरुवात झाली. वास्तुकार रिशार मीक, कल्पनेला हात चित्रकार युबेर रोबेरचा. तिथे गाईगुरं होती, खरी शेतीही होती. पाणचक्कीही होती, पण तिचं चाक शोभेचं, आत जातं नव्हतंच.

बाहेरच्या चक्क्यांवरची सक्ती राज्यक्रांतीने १७९० मध्ये बहुतांशी उठवली. उरलेसुरले सरंजामी हक्क १७ जुलै १७९३ च्या कायद्याने भरपाईविना संपले. त्यानंतर शेतकऱ्याने दळण कुठे न्यायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं होतं.