तलश्शेरीचा केक : गोष्ट, पुरावा आणि दालचिनीचा मळा

१/ नाताळ जवळ आला की एक गोष्ट समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागते : भारतातला पहिला नाताळचा केक १८८३ मध्ये केरळातील तलश्शेरी येथे मंबल्ली बापू यांनी भाजला. गोष्ट गोड आहे. ती कितपत टिकते आणि तिच्यात काय सांगायचे राहून जाते, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ प्रथम गोष्ट. बापू ब्रह्मदेशात बिस्किटांची कला शिकले आणि १८८० मध्ये त्यांनी तलश्शेरीत 'रॉयल बिस्किट फॅक्टरी' काढली. तीन वर्षांनी मरडॉक ब्राउन हा मळेवाला साहेब विलायतेचा प्लम केक घेऊन त्यांच्याकडे आला आणि तसाच करून मागितला.

३/ येथे 'प्लम' म्हणजे आलुबुखार नव्हे. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही हाच शब्द लावीत. सुकी फळे, मसाले आणि ती मुरवणारे मद्य, हा या केकचा प्राण.

४/ मद्यासाठी ब्राउनने शेजारच्या फ्रेंच माहेतील ब्रँडी सुचवली. कुटुंबात सांगितले जाते की बापूंनी त्याऐवजी काजूची बोंडे व कदळी केळी यांपासून गाळलेली गावठी दारू वापरली आणि साचा धर्मडमच्या लोहाराकडून घडवून घेतला. केक साहेबाच्या पसंतीस उतरला. गोव्याच्या पोदेरांनीही पावाचे पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर अशीच कामी लावली होती.

५/ आता पुरावा. ही हकीकत मुख्यतः कुटुंबाच्या स्मृतीतून आलेली आहे. म्हणून 'पहिला' हा शब्द जपून वापरावा. कलकत्त्यात डेव्हिड विल्सनची बेकरी १८४० च्या आधीपासून चालत होती. त्याच्याच हॉटेलचे पुढे 'ग्रेट ईस्टर्न' झाले. युरोपीय वस्त्यांत तोवर नाताळचा केक भाजलाच गेला नसेल, हे संभवत नाही. बापूंचे श्रेय वेगळे आहे : नमुना परका, पण हात आणि जिन्नस आपले.

६/ दुसरी अडचण ब्राउनची. तलश्शेरीजवळ अंजरकंडी येथे ईस्ट इंडिया कंपनीसाठी मसाल्यांचा मळा उभारणारा प्रसिद्ध मरडॉक ब्राउन १८२८ मध्येच वारला. तेव्हा बापूंच्या दारी आलेला ब्राउन त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीतला असला पाहिजे. फिरत्या मजकुरात ही दोन माणसे सर्रास एक होतात.

७/ आणि येथेच गोष्टीत गाळलेला भाग येतो. १८११-१२ मध्ये थॉमस बेबर या कंपनीच्याच अधिकाऱ्याने अंजरकंडीच्या मळ्याची चौकशी केली, तेव्हा त्रावणकोरातून पळवून आणलेली मुले-माणसे तेथे गुलाम म्हणून राबत असल्याचे उघड झाले. केकच्या कथेत दालचिनीचा सुगंध दरवळतो. ती दालचिनी सोलणारे हात मात्र तिच्यात कुठेच दिसत नाहीत.

८/ याच काळात महाराष्ट्रात असेच एक आव्हान स्वीकारले गेले होते. कियारिनी या इटालियनाची सर्कस पाहून विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. त्याच दशकात ती तलश्शेरीत पोचली. तेथे छत्र्यांची कीलेरी कुञ्ञिकण्णन या कसरतीच्या गुरूंशी भेट झाली आणि केरळच्या सर्कस-परंपरेचा पाया पडला. केक, सर्कस आणि क्रिकेट हा तलश्शेरीचा आजचा अभिमान. तिन्ही परदेशातून आले आणि तेथे रुजले.

९/ बापूंच्या वंशजांनी पुढे केरळच्या अनेक शहरांत निरनिराळ्या नावांनी बेकऱ्या काढल्या. आज डिसेंबरात केरळातील हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वच घरांत प्लम केक जातो. त्या सवयीचा एक मोठा धागा या भट्टीपर्यंत पोचतो, आणि त्यासाठी 'पहिला' या बिरुदाची गरज पडत नाही.

१०/ तेव्हा यंदा ही गोष्ट पुढे पाठवाल, तर तिला दोन वाक्ये अवश्य जोडा : ही एका कुटुंबाने जपलेली आठवण आहे, आणि ज्या मळ्याच्या नावाने ती सुरू होते, तेथे कधीकाळी माणसे गुलाम होती. बापूंचे कर्तृत्व त्याने तसूभरही उणे होत नाही.