ओळख आधी, रंग नंतर : ब्रिटिश लष्करी गाड्यांच्या जीर्णोद्धाराविषयी

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने लष्करी ट्रकांवर बोलावं, याचं काही जणांना नवल वाटलं असेल. कारण सांगतो. 'हा तोच आहे का?' हा प्रश्न आम्ही वर्गात तासन्‌तास चघळत बसतो. आपल्या परंपरेत याला प्रत्यभिज्ञा असा शब्द आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त आज समोर आला की आपण म्हणतो, 'तोच हा देवदत्त.' आता समजा, हा देवदत्त म्हणजे तीन टनी लॉरी आहे. वय ऐंशीच्या पुढे. इंजिन दोनदा बदललेलं, केबिन दुसऱ्याच गाडीची, अंगावर रंगाची पाच-सात पुटं. मग 'तीच ही' असं म्हणायचं ते कशाच्या आधारावर? ब्रिटनमध्ये जुन्या लष्करी गाड्या शोधून, उकलून, पुन्हा चालत्या करणारी मंडळी या प्रश्नाचं उत्तर हातात पाना घेऊन शोधतात. त्यांच्याकडून आपण पुस्तकी माणसांनी शिकण्यासारखं बरंच आहे.

मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. जीर्णोद्धारात ओळख आधी येते, रंग नंतर. हा क्रम उलटा झाला की गाडी चकचकीत होते आणि इतिहास खोटा होतो.

सुरुवात नावापासूनच करू. आपण सरसकट 'ट्रक' म्हणतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैन्याला मात्र ते चाललं नसतं. त्यांच्या हिशेबात एक टन किंवा त्याहून कमी भार वाहणारा तो ट्रक, त्याहून मोठी ती लॉरी. हा भेद नुसता बोलण्यातला नव्हता, गाडीच्या क्रमांकातही होता. युद्धखात्याच्या क्रमांकाआधी एक इंग्रजी अक्षर असायचं. लॉरीला 'एल', ट्रकला 'झेड', तोफा ओढणाऱ्या ट्रॅक्टरला 'एच', रुग्णवाहिकेला 'ए', मोटारसायकलला 'सी'. हा क्रमांक बॉनेटच्या बाजूंवर रंगवलेला असायचा. त्यामुळे तीन टनी बेडफर्डवर कुणी 'झेड' रंगवलेला दिसला, तर तो जाणकाराच्या डोळ्यांत लगेच खुपतो.

आता या गाड्या एवढ्या झाल्या कशा, ते बघा. १९४० च्या मे-जूनमध्ये ब्रिटिश सैन्य डंकर्कहून माघारी आलं. माणसं मोठ्या संख्येने वाचली, पण फ्रान्समध्ये सुमारे ६४,००० वाहनं मागे राहिली. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंजिनातलं तेल आणि रेडिएटरमधलं पाणी काढून, इंजिन जाम होईपर्यंत चालू ठेवायचं, असं सैनिकांनी स्वतःच्या हातांनी केलं. काही लॉऱ्या तर किनाऱ्यावरून समुद्रात ओळीने उभ्या करून, त्यांच्यावर फळ्या टाकून तात्पुरते धक्के केले आणि त्यांवरून माणसं बोटींपर्यंत गेली.

ही तूट भरून काढायची म्हणजे कारखाने रात्रंदिवस चालवायचे. ल्यूटनच्या व्हॉक्सहॉल कारखान्यात बेडफर्ड गाड्या व्हायच्या. तिथली 'क्यूएल' ही चारही चाकांना जोर देणारी तीन टनी लॉरी १९४१ पासून बाहेर पडू लागली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे ५२,००० झाल्या. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. याच कारखान्याचा लहान भाऊ म्हणजे 'एमडब्ल्यू', पंधरा हंड्रेडवेटचा, म्हणजे पाऊण टनी ट्रक. लंडनच्या बस बनवणाऱ्या एईसी कंपनीने साउथॉलमध्ये 'मॅटाडोर' हा तोफा ओढणारा दणकट डिझेल ट्रॅक्टर केला. वॉटफर्डच्या स्कॅमेलने बिघडलेली वाहनं आणि रणगाडे ओढून नेणारा 'पायोनिअर' केला. यांखेरीज ऑस्टिन, मॉरिस, गाय, लेलँड, अशी बरीच मोठी यादी आहे.

मग समोर गंजलेला सांगाडा उभा असताना ओळख पटवायची कशी? न्यायशास्त्राच्या चार प्रमाणांपैकी तीन इथे जशीच्या तशी कामाला येतात : प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द.

प्रत्यक्ष म्हणजे जे डोळ्यांना दिसतं, बोटांना लागतं ते. चासीवर ठोकलेला क्रमांक, केबिनमधली धातूची पाटी, तिच्यावरचा करार क्रमांक. एमडब्ल्यूचं बॉनेट अंगाच्या मानाने फार रुंद आणि सपाट दिसतं, कारण युद्धखात्याला आत मोठा एअर फिल्टर बसवून हवा होता. सुरुवातीच्या एमडब्ल्यूला समोर दोन छोट्या काचा आणि बाजूला कापडी आडोसा, बस्स. १९४३ च्या सुमारास मोठी काच आणि नीट दरवाजे आले. म्हणजे नुसत्या दरवाजावरून साल अंदाजे कळतं. बोल्टचे आटेसुद्धा बोलतात. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी पद्धतीचा ६० अंशांचा. पाना बसतो की घसरतो, यावरून तो भाग अटलांटिकच्या कुठल्या काठावर झाला याचा अंदाज येतो. युद्धात या फरकाचा इतका त्रास झाला की पुढे ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून एक समान माप ठरवलं.

दुसरं प्रमाण अनुमान. धूर आहे म्हणून अग्नी आहे, तसं इथे रंगाच्या पुटांवरून काळ ठरवायचा. आपल्याकडे मूर्तीवरचं शेंदराचं कवच निघालं की आतली जुनी घडण दिसते ना, तसाच प्रकार. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू एकेक थर उतरवतात. ब्रिटिश गाड्या युद्धाच्या सुरुवातीला खाकी हिरव्या होत्या. हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली आणि १९४२ पासून तपकिरी रंग आला. १९४४ मध्ये अमेरिकी गाड्यांशी मिळताजुळता ऑलिव्ह रंग ठरला, म्हणजे तिकडून आलेल्या गाड्या पुन्हा रंगवायला नकोत. युद्धानंतर चकाकणारा गडद हिरवा. आता १९४३ च्या लॉरीच्या दरवाजावर तळाचं पूट ऑलिव्ह निघालं, तर तो दरवाजा नंतरचा असावा, असं अनुमान निघतं. पण 'असावा' म्हणायचं. कारण जुन्या रंगाचा साठा आधी संपवायचा, ही लष्करी काटकसरही होतीच. व्याप्तीला अपवाद असतात, हे विसरलं की अनुमान फसतं.

तिसरं प्रमाण शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं किंवा कागदाचं सांगणं. कुठल्या कराराखाली कुठल्या क्रमांकांच्या गाड्या घेतल्या, याच्या लष्करी नोंदी काही प्रमाणात टिकल्या आहेत. १९४९ पासून नवी पद्धत आली : दोन आकडे, दोन अक्षरं, दोन आकडे. जुन्या गाड्या सेवेत राहिल्या त्यांनाही नवे क्रमांक मिळाले. म्हणजे एकाच लॉरीला दोन क्रमांक, आणि नागरी जीवनात आल्यावर तिसरा. हे तिन्ही जुळवले की चरित्र उभं राहतं. मात्र शब्दप्रमाणात बोलणारा आप्त असला पाहिजे, म्हणजे जाणता आणि खरं बोलणारा. गाडी विकायला बसलेला माणूस आप्त नसतो, हे न्यायसूत्रांत लिहिलेलं नसलं तरी लक्षात ठेवावं.

दिसण्यावर जाऊ नये याचं एक चांगलं उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये 'ग्रीन गॉडेस' नावाचे हिरवे बंब आहेत. रंग हिरवा, बनावट बेडफर्डची, आणि १९७७ व २००२ च्या अग्निशामक कर्मचाऱ्यांच्या संपात ते चालवले सैनिकांनी. साहजिकच लोक त्यांना लष्करी ट्रक समजतात. पण ते बांधले गेले १९५० च्या दशकात, सहायक अग्निशमन सेवेसाठी. चालकाचा गणवेश म्हणजे गाडीची ओळख नव्हे.

इथवर सोपं होतं. खरी अडचण पुढे आहे. मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो : महाराज, रथातून आलात ना? मग रथ कुठला ते दाखवा. आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी कबूल करतो की या सगळ्या भागांच्या आधाराने 'रथ' हे व्यवहारातलं नाव आहे. नैयायिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, अवयवांहून वेगळा असा अवयवी असतो. गंमत अशी की ब्रिटिश लष्करालाच अवयवीची फारशी पर्वा नव्हती. १ ऑक्टोबर १९४२ ला विजेच्या आणि यांत्रिक दुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभं राहिलं. मोठ्या कार्यशाळांत गाड्या पार सुट्या करायच्या, इंजिनं एकीकडे दुरुस्त व्हायची, गिअरबॉक्स दुसरीकडे, आणि पुन्हा जोडताना जे तयार असेल ते बसवायचं. त्यात बेडफर्डच्या अनेक गाड्यांचं इंजिन तेच. तेव्हा प्रत्येक भाग 'मूळ'चाच हवा असा हट्ट धरणाऱ्याने लक्षात घ्यावं, की त्याची गाडी सैन्यात असतानाच तशी राहिली नव्हती. म्हणून व्यवहारात चासीला ओळखीचं आसन मानतात. हा संकेत आहे, पण संकेताशिवाय व्यवहार चालत नाही.

आणि समजा, चासी पटली. मग पुढचा प्रश्न : तिला कुठल्या वर्षात परत न्यायचं? एखादा मॅटाडोर चार वर्षं सैन्यात होता आणि पुढे तीस वर्षं त्याने जंगलातून ओंडके ओढले, किंवा बस आगारात बंद पडलेल्या बस ओढल्या. तिथल्या मिस्त्रीने त्याला क्रेन बसवली, घरगुती केबिन केली. ती तीस वर्षं खोटी होती का? पण पुष्कळांना हवी असते नॉर्मंडीची लॉरी. पांढरा पाच टोकांचा तारा, प्रसिद्ध डिव्हिजनचं चिन्ह, पुलाच्या क्षमतेचा आकडा लिहिलेली पिवळी तबकडी, सगळं लावलं की ६ जून १९४४ तयार. ती लॉरी त्या दिवशी इंग्लंडमधल्या डेपोत उभी असली तरी. आपल्याकडे काळ्या दगडाच्या देवळावर ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

याच्या दुसऱ्या टोकालाही एक उदाहरण आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचा एक शेवरोले ट्रक आहे. तो १९८० मध्ये लिबियाच्या वाळवंटात सापडला. तो त्यांनी रंगवला नाही, जसा मिळाला तसाच, गंजासकट ठेवला. वाळूने घासलेला तो पत्रा हाच तिथे पुरावा आहे. प्रत्येक गाडी अशी ठेवावी असं मी म्हणत नाही. चालतं इंजिन ऐकण्यातही ज्ञान आहे. पण घासण्याआधी थांबून विचार करावा, एवढं तो ट्रक शिकवतो.

यात आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. युद्धकाळात कॅनडात फोर्ड आणि शेवरोले यांनी ब्रिटिश गरजांप्रमाणे चार लाखांहून जास्त लष्करी गाड्या केल्या. भारतीय सैन्याकडे त्या मोठ्या संख्येने होत्या. कॅनडातून आलेल्या अशाच चासीवर टाटांच्या पोलादाचे चिलखती पत्रे चढवून भारतात चिलखती गाड्या झाल्या, त्यांना 'टाटानगर'च म्हणत. उत्तर आफ्रिकेत चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या गाड्यांवर लाल गरुड होता. इटलीत १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्या डिव्हिजनांचा दारूगोळा, पीठ, पाणी लॉऱ्यांनी यायचं, आणि शेवटचा डोंगर खेचरं चढायची. शूरांची नावं दगडावर कोरली गेली, ते योग्यच झालं. त्या लॉऱ्यांच्या चालकांची नावं मात्र फारशी कुठे सापडत नाहीत. एखाद्या बॉनेटवर पाचव्या पुटाखाली गरुडाची लाल कडा उरली असेल, तर कदाचित तेवढीच त्यांची खूण. आणि तीच आपण ग्राइंडरने उडवली, वर नॉर्मंडीचा तारा काढला, तर काय झालं? त्यांना दुसऱ्यांदा पुसलं.

म्हणून माझ्या मते चांगल्या जीर्णोद्धाराचे नियम साधे आहेत. हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जुन्या रंगाचा एक चौकोन, दरवाजाच्या आत का होईना, तसाच राखा. नवा पत्रा वेल्ड केला तर त्यावर आतून साल ठोका, म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणारा फसणार नाही. कागद सापडला नाही तर चिन्ह रंगवू नका, जागा मोकळी सोडा. आणि स्वतःचा जीव सांभाळा. या गाड्यांची बरीच चाकं दोन तुकडे बोल्टने जोडलेली असतात. ते नट लाल रंगवत, कारण टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर रिम उसळून माणूस दगावतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, काही गेजच्या काट्यांवर रेडियमचा लेप असतो. लाल नट लाल ठेवणं हाही जीर्णोद्धारच आहे. तो रंग शोभेसाठी नव्हता.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. एखाद्या लॉरीने सगळं युद्ध डेपोतून पाव वाहण्यात काढलं असेल, तर तिच्या पाटीवर 'डेपोत पाव वाहिले' असंच लिहावं. त्यात कमीपणा कसला? पाव पोचले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.