स्पर्धेचा नियम आणि मावळाचे चित्र

पावसाळ्यात तिकोणा पेठेतून निघणाऱ्या फोटोंचा साचा ठरलेला असतो. खाली लावणी झालेली भातखाचरे, मध्ये ढगांचा पट्टा, वर तिकोणा ऊर्फ वितंडगडाचा त्रिकोणी माथा. किंवा माथ्यावरून खाली पवना जलाशय आणि पलीकडे तुंग. प्रकाश बरा असला तर हे चित्र सहसा फसत नाही, आणि म्हणूनच मावळ हा पुण्या-मुंबईच्या हौशी छायाचित्रकारांचा हक्काचा मुलूख झाला आहे. पण अशा शंभर चित्रांतून गडाविषयी काय कळते, असे विचारले तर उत्तर अडखळते. चैत्रात टाक्यांत पाणी किती उरते, चपेटदान मारुतीजवळची वाट कशी आहे, दरवाज्याचा कोणता दगड जुना आणि कोणता डागडुजीचा, खाचरे कुठे संपतात आणि बंगले कुठून सुरू होतात, यातले फारसे हाती लागत नाही. याचा दोष एरवी मोबाइलला किंवा हल्लीच्या उथळपणाला देऊन आपण मोकळे होतो. हौशी छायाचित्रणाचा पावणेदोन शतकांचा इतिहास मात्र वेगळ्याच जागी बोट ठेवतो. चित्र कसे निघेल हे यंत्र ठरवते. कोणते चित्र काढावेसे वाटेल हे बव्हंशी मंडळांनी आणि त्यांच्या स्पर्धांनी घातलेले नियम ठरवत आले आहेत. मंडळांनी चित्रासोबत स्थळ, काळ आणि मजकूर मागितला तेव्हा नोंदी जमल्या. नुसते चित्र मागितले तेव्हा देखावे जमले.

आपल्याकडच्या या हौसेची संस्थात्मक सुरुवात मुंबईत झाली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मधली, आणि लगेच १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था त्यानंतर दोन वर्षांनी निघाल्या. कॅप्टन हॅरी बार हे तिचे पहिले अध्यक्ष. सभासदांत लष्करी व मुलकी अधिकारी जास्त होते, पण डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्यात होते, आणि नारायण दाजींचे फोटो कलकत्त्याच्या प्रदर्शनापर्यंत गेले. संस्थेने स्वतःचे नियतकालिक काढले. मुंबईच्या उकाड्यात रसायने कशी सांभाळायची, मेणकागदाची निगेटिव्ह बरी की काचेची, अशा प्रश्नांची चर्चा हे तिचे रोजचे काम होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तो फार काळ टिकला नाही, तरी हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक त्यातूनच बाहेर पडला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात काढलेला ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ दरमहा निघे, आणि त्यातल्या मूळ प्रिंटसोबत माहितीचा मजकूर असे. त्या काळच्या हौशी मंडळींना काय मोलाचे वाटत होते, ते यावरून कळते. फोटो छान आला एवढ्याने त्यांचे भागत नव्हते. समोर काय आहे, हे वाचणाऱ्याला समजायला हवे होते.

मावळ या कक्षेत आला तो दोन कारणांनी: लेणी आणि रेल्वे. कंपनी सरकारने १८५५ मध्ये प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी चित्रकारांऐवजी कॅमेरा वापरण्याचे धोरण धरले, आणि कॅप्टन थॉमस बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळेकडे पाठवले. ते फोटो १८६६ मध्ये ग्रंथरूपाने निघाले, तेव्हा प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मुंबईकर व्यापाऱ्यांनी खर्च उचलला होता आणि लेखन मेडोज टेलर व जेम्स फर्ग्युसन यांनी केले होते. पुढे जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स यांच्या काळात कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या पद्धतशीर नोंदीत आली. कार्ल्याच्या चैत्यगृहाची लांबी सुमारे १२४ फूट, आणि उजेड मुख्यतः दर्शनी कमानीतूनच येणारा. ओल्या कोलोडियनची काच जागेवरच तयार करायची, ती ओली आहे तोवर फोटो घेऊन धुवायची, त्यासाठी काळोखा तंबू डोंगरावर चढवायचा आणि पाणीही वर न्यायचे, असा तो उद्योग. एवढ्या खटाटोपात एक काच वाया जाणेही जड जाई. म्हणून काय टिपायचे हे आधी ठरवून, वास्तूचा तेवढा भाग नेमका दाखवणारी जागा शोधावी लागे.

बोरघाटाची गोष्ट अधिक बोलकी आहे. घाटातल्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि कामावर हजारो मजूर. या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच वारला; ठेका त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुढे चालवला. प्रत्यक्ष देखरेख तिने अनुभवी अभियंत्यांकडे सोपवली आणि स्वतः घाटातल्या कामाचे फोटो काढले. तिच्यापुढे ना कुठले पदक होते, ना कुठला परीक्षक. पण अर्धवट उभे पूल आणि फोडलेला कडा दाखवणारे हे फोटो आज रेल्वेच्या इतिहासकाराला, भूगर्भाच्या अभ्यासकाला आणि खंडाळ्याच्या रहिवाशालाही उपयोगी पडतात, कारण कोणता पूल, कोणता टप्पा, कोणते वर्ष, हे त्यांच्याबाबत सांगता येते. ही ओळख पुसली तर उरेल फक्त धूसर दरी आणि दगडी कमान.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. ही नोंद निर्मळ नव्हती. ती राज्यकर्त्यांच्या सोयीची होती; माणसांना जातीच्या नमुन्यांत बसवून त्यांचे फोटो काढण्याचा सोस त्याच मंडळींचा. जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या रहिवाशांवर जे दोन खंड काढले, त्यात माणसांच्या आकृती एका फोटोतून कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवल्या आहेत. स्टुडिओत उभा केलेला गट एखाद्या देवळासमोर किंवा झाडाखाली आणून ठेवलेला दिसतो. मग ‘नोंद’ म्हणून याचे गुणगान का करायचे? उत्तर असे की नोंदीत खोट असली तरी ती पकडता येते, फक्त नोंदीने काही दावा केलेला असावा. जॉन्सनने चित्रासोबत जागा, समूह, व्यवसाय लिहिले, म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना मूळ फोटो शोधून जोड उघडी पाडता आली आणि त्यामागची दृष्टीही तपासता आली. ज्या चित्राला ‘सांज’ एवढेच नाव आहे, त्याला खोटे ठरवणार तरी कसे? ते काही सांगतच नाही.

विसाव्या शतकात हौशी मंडळांनी वळण घेतले ते याच दिशेने. मधल्या काळात कोरड्या काचा आल्या, १८८८ मध्ये कोडॅक आला, आणि कॅमेरा मध्यमवर्गाच्या आवाक्यात येत गेला. फोटो काढता येणे ही विशेष गोष्ट उरली नाही, तेव्हा हौशी माणसाला आपले वेगळेपण दाखवण्यासाठी कलेचा आधार हवासा वाटला. मुंबईत १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे ही संस्था निघाली, १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया. गंमत अशी की त्याच १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘ग्रुप एफ/६४’ नावाचे मंडळ नेमके उलटे म्हणत उभे राहिले: धूसर, चित्रासारखे फोटो पुरे झाले, लेन्सला जसे दिसते तसे स्पष्ट दाखवा. आपल्याकडे पिक्टोरिअल वळणाची पकड त्यानंतरही दीर्घकाळ राहिली. पुढे १९५० मध्ये फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना आणि १९५३ मध्ये डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली, आणि गावोगावच्या मंडळांची एक उतरंड तयार झाली: मंडळाची मासिक स्पर्धा, राष्ट्रीय सलोन (परीक्षकांनी निवडलेल्या चित्रांचे प्रदर्शन), आंतरराष्ट्रीय सलोन, आणि किती देशांत किती चित्रे स्वीकारली गेली त्यावर मिळणारी मानांकने.

या उतरंडीने पुष्कळ चांगले केले, हे मान्य करायला हवे. अंधाऱ्या खोलीतले कसब नव्या सभासदांना मंडळातच शिकायला मिळाले, अनोळखी माणसाने आपल्या चित्रावर टीका केली तर ती ऐकून घ्यायची सवय लागली, आणि लहान शहरातल्या कारकुनाचे किंवा दुकानदाराचे चित्र परदेशातल्या भिंतीवर लागू शकले. पण सलोनमध्ये परीक्षण कसे होते ते पाहिले की दुसरी बाजूही कळते. शेकडो चित्रे एकामागून एक पुढे येतात, प्रत्येकावर परीक्षकांची नजर काही क्षण टिकते, गुण दिले जातात, आणि ठरावीक बेरजेच्या वरची चित्रे स्वीकारली जातात. चित्रकाराचे नाव झाकलेले, जागेचा उल्लेख अनावश्यक, शीर्षक दोन-तीन शब्दांचे. या रीतीत जिंकते ते एका झटक्यात पटणारे चित्र: ढगातून उतरणारी तिरीप, डोक्यावर हारा घेतलेली बाई, धुळीतून परतणारी गुरे. तिकोण्याच्या टाक्याजवळ बसून कोणी कोरीव खुणांचा फोटो काढला, तर तो त्या क्षणी काही बोलत नाही. हुशार सभासद दोन-तीन स्पर्धांत हे ओळखतो, आणि पुढच्या वेळी गडावर जाताना टाक्याकडे वळतच नाही. परीक्षकाला यात दोष देण्यासारखे काही नाही. त्याला जे विचारले गेले त्याचेच तो उत्तर देतो.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. चित्राला मजकुराची कुबडी कशाला? नोंद हवी असेल तर सरकारी खाती आहेत, हौशी माणसाने सौंदर्य शोधावे. या म्हणण्यात गृहीत असे की नोंद रुक्षच असते. त्याला मावळाशी संबंध असलेले एक उत्तर आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून मळवलीला आला, आणि तिथल्या शिळाछापाच्या कामाशी दादासाहेब फाळके यांचा संबंध होता. त्याआधी त्यांनी गोध्र्यात फोटोचा धंदा केला होता आणि पुरातत्त्व खात्यात नोकरीही. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा उद्योग मांडला. चित्रपटासाठी भांडवल उभे करायची वेळ आली तेव्हा त्यांनी काय दाखवले? कुंडीत लावलेल्या मटाराच्या दाण्यातून अंकुर फुटून रोप वाढते, ते दिवसांमागून दिवस एकेक चौकट टिपत केलेले चित्रण. याहून काटेकोर नोंद कोणती असेल? पण ती पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या अंतराने, तीच वस्तू पुन्हा पुन्हा टिपण्यात जी गोडी आहे, ती एका सोनेरी क्षणात मावत नाही. सौंदर्य आणि नोंद यांचे वैर स्पर्धेच्या नियमांनी लावलेले आहे, ते कॅमेऱ्याच्या स्वभावात नाही.

नियम बदलले की सवयी बदलतात, याचे दाखले अलीकडचेही आहेत. निसर्ग-छायाचित्रणाच्या विभागात चित्रातून काही पुसणे किंवा त्यात काही घालणे निषिद्ध आहे, आणि माणसाच्या हाताच्या खुणाही बहुतांशी चालत नाहीत. फियाप आणि अमेरिका व ब्रिटनमधल्या छायाचित्रण संस्था यांनी २०१५ पासून ही व्याख्या एकत्रितपणे लागू केली. या विभागात चित्र पाठवणारा माणूस प्राण्याचे वर्तन अभ्यासायला शिकतो, कारण नियम ते मागतो. दुसरा दाखला ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ या स्पर्धेचा. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत भारत २०१२ मध्ये उतरला. इथे वास्तू कोणती हे सांगितल्याशिवाय प्रवेशिका पुरी होत नाही, आणि चित्र सर्वांना वापरासाठी खुले करावे लागते. बक्षीस इथेही देखण्या चित्रांनाच मिळते, प्रसिद्ध वास्तूंचीच गर्दी होते, हे खरे. तरी हरलेल्या प्रवेशिकांचेही काहीतरी उरते. सलोनमधून नाकारलेले चित्र कपाटात जाते. इथे नाकारलेले चित्र एखाद्या आडबाजूच्या देवळाची एकमेव खुली नोंद ठरू शकते.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे: हौस ही हौस असते, तिला कामाला का जुंपायचे? आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना मंडळांची गरज तरी काय? पहिल्या प्रश्नाला तळेगाव दाभाड्यात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांचे नाव पुरे आहे. ते गड हिंडले ते कुणी सांगितले म्हणून नव्हे. लिहिण्याबरोबर त्यांनी गडांचे फोटोही काढले आणि त्यांच्या दुर्गचित्रांचे पुस्तकही निघाले. ती हौसच होती, आणि गड ओळखण्याची ओढ हा तिचाच भाग होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की फोटोंची संख्या वाढल्याने नोंद आपोआप होत नाही. १९७० च्या दशकात पवनेचे पाणी भरले, गावे उठली, खोऱ्याचे रूप पालटले. त्यानंतर द्रुतगती मार्ग आला, हॉटेले आली, शेतघरे आली. हा बदल एकाच सुंदर चित्रात दिसणार नाही. तो दिसेल एकाच ठिकाणाहून वर्षानुवर्षे घेतलेल्या चित्रांत, आणि सलग काही वर्षे तेच काम नेमाने करणे एकट्या माणसाला जड जाते. ती चिकाटी संस्थेला जमते. १८५४ च्या मंडळाने मासिक बैठक, नियतकालिक आणि चर्चा यांतून हेच साधले होते.

म्हणून मावळातल्या आणि पुण्यातल्या हौशी मंडळांनी स्पर्धा बंद कराव्यात असे इतिहास सुचवत नाही. त्यांच्या प्रवेशपत्रिकेत दोन ओळी वाढवाव्यात एवढेच सुचवतो. एक विभाग असा ठेवावा, जिथे चित्र एकटे पाठवता येणार नाही: जागा, महिना, कोणत्या दिशेने पाहिले, आणि काय बदलले, हे सोबत लिहावे लागेल, आणि गुण दोन्हींना मिळतील. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले घेतले, त्यात मावळातला लोहगड आहे, तिकोणा नाही. लोहगडाची नोंद ठेवायला आता यंत्रणा असतील. तिकोणा, तुंग आणि त्यांच्या पायथ्याच्या गावांची नोंद मात्र तिथे दर पावसाळ्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांवरच बरीचशी अवलंबून राहील. ती माणसे तिथे आधीच जात आहेत आणि कसब त्यांच्याकडे आहे. त्यांनी तिथून काय आणावे, हे पदक देणारा ठरवतो. तेव्हा मावळाची नोंद राहिली नाही, तर त्याचा जाब आधी स्पर्धा भरवणाऱ्यांना विचारावा लागेल.